लॅपटॉपवरील इंटरनेट कॉल आणि वायरलेस हेडसेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपवरून बैठका, शिकवण्या, मुलाखती आणि घरगुती गप्पा करणाऱ्यांकडून वायरलेस हेडसेटविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, जिथे एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगणे आवश्यक वाटते. हेडसेट घेताना आपण स्वतःच्या कानाला कसे ऐकू येईल याचाच विचार करतो. परंतु कॉलमध्ये आपला आवाज कसा जातो हे आपल्याला सोडून बाकी सर्वांना ऐकू येत असते आणि संकोचापोटी ते सहसा बोलून दाखवत नाहीत. म्हणून पुढील उत्तरांत माइकच्या बाजूला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

१. लॅपटॉपला वायरलेस हेडसेट जोडण्याचे प्रकार किती आणि त्यांत फरक काय?

मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला, लॅपटॉपमध्ये असलेल्या ब्लूटूथवरून थेट जोडणी. दुसरा, हेडसेटसोबत येणारे छोटे यूएसबी डोंगल, जे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालते, पण लॅपटॉपच्या ब्लूटूथशी त्याचा काही संबंध नसतो. तिसरा, डेक्ट (घरातल्या कॉर्डलेस फोनमध्ये वापरले जाणारे रेडिओ तंत्र) पद्धतीचा हेडसेट, जो सुमारे १.९ गिगाहर्ट्झवर चालतो आणि दिवसभर फोनवर बोलण्याचेच काम असणाऱ्या कार्यालयांत अधिक दिसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात लॅपटॉपच्या दृष्टीने समोर फक्त एक यूएसबी साउंड कार्ड असते. रेडिओचा सगळा व्यवहार डोंगल आणि हेडसेट आपसांत पाहून घेतात. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्यातच आहे. काही कंपन्यांची डोंगले आतून ब्लूटूथच वापरतात. तरीही लॅपटॉपला ती यूएसबी साउंड कार्ड म्हणूनच दिसतात, त्यामुळे त्यांची गणना दुसऱ्या प्रकारातच करावी.

२. हेडसेट सुरू आहे, दिवाही लागतो, पण लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत तो दिसतच नाही. असे का?

सुरू असणे आणि पेअरिंगसाठी, म्हणजे नव्या यंत्राशी पहिली ओळख करून घेण्यासाठी, तयार असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. बहुतेक हेडसेटमध्ये पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरल्यावर दिवा भराभर लुकलुकू लागतो किंवा दोन रंगांत आलटून पालटून चमकतो. तेव्हाच तो नव्या यंत्राला दिसतो. केसमधून निघणाऱ्या इअरबडसाठी हे बटण बहुधा केसवरच असते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे तो आधीच मोबाइलला जोडला गेलेला असतो. सुरू होताच हेडसेट शेवटच्या ओळखीच्या यंत्राकडे धाव घेतो. मोबाइलचे ब्लूटूथ पाच मिनिटे बंद ठेवा, लॅपटॉपशी पेअरिंग पूर्ण करा आणि मग ते पुन्हा सुरू करा. पूर्वी जोडलेला हेडसेट अचानक जोडला जाईनासा झाला, तर लॅपटॉपच्या यादीतून तो काढून टाकून पेअरिंग नव्याने करावे. अर्धवट राहिलेल्या जुन्या पेअरिंगवर वारंवार ‘कनेक्ट’ दाबत बसण्यात वेळच जातो.

३. हेडसेट जोडला गेला, तरी कॉलचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच येतो. काय करावे?

आवाज कुठून यावा हे दोन ठिकाणी ठरते : ऑपरेटिंग सिस्टिमच्या साउंड सेटिंगमध्ये आणि कॉलच्या अ‍ॅपमध्ये. अ‍ॅपमध्ये ‘सिस्टिम डिफॉल्ट’ऐवजी एखादे विशिष्ट नाव निवडलेले असेल, तर सिस्टिममध्ये कितीही बदल केले तरी अ‍ॅप त्याला जुमानत नाही. म्हणून आधी अ‍ॅपची ऑडिओ सेटिंग उघडून स्पीकर आणि माइक या दोन्हींसमोर कोणते नाव आहे ते वाचावे.

विंडोजमध्ये आणखी एक बारकावा आहे. तिथे नेहमीच्या वापराचे डिफॉल्ट उपकरण आणि संभाषणासाठीचे डिफॉल्ट उपकरण अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात. गाणे हेडसेटमध्ये आणि कॉल स्पीकरवर, असा विचित्र अनुभव येत असेल तर या दोन नोंदी वेगवेगळ्या उपकरणांकडे बोट दाखवत आहेत असे समजावे.

४. गाणी उत्तम ऐकू येतात, पण कॉल सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा का होतो?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि हेडसेट खराब असल्याचा निष्कर्ष लोक बहुतेक वेळा येथेच काढतात. प्रत्यक्षात हेडसेट ठणठणीत असतो.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. गाण्यांची वाट ए२डीपी या नावाने ओळखली जाते. तिच्यावरून आवाज एकाच दिशेने, म्हणजे लॅपटॉपकडून कानाकडे, स्टिरिओमध्ये जातो आणि नेहमीच्या एसबीसी कोडेकमध्येही (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत माहिती वाहून नेता येते. बोलण्याची वाट एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री प्रोफाइल. ती दोन्ही दिशांनी चालते, पण प्रत्येक दिशेला साधारण ६४ किलोबिटच हाती लागतात आणि आवाज मोनो होतो. कोणत्याही अ‍ॅपने हेडसेटचा माइक उघडला की लॅपटॉपला पहिली वाट सोडून दुसरी धरावी लागते. त्या क्षणी माइकबरोबर कानातला आवाजही उतरतो, कारण दोन्ही आता एकाच अरुंद वाटेने जात असतात.

या अरुंद वाटेतही दोन दर्जे आहेत. जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. २०११ मध्ये आलेल्या एचएफपी १.६ ने एमएसबीसी हा कोडेक आणला. त्यात १६,००० नमुने असतात आणि आवाज सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत टिकतो. हेडसेट आणि लॅपटॉप या दोघांनाही एमएसबीसी येत असेल तरच तो वापरला जातो, एरवी दोघे मुकाट्याने जुन्यावर उतरतात.

इंटरनेटचा येथे काहीही दोष नाही. कॉलच्या अ‍ॅपमध्ये आणि ब्राउझरमध्ये सर्रास वापरला जाणारा ओपस कोडेक सेकंदाला ४८,००० नमुन्यांपर्यंतचा आवाज नेऊ शकतो. सगळ्या जगाला ओलांडून आवाज नीट जातो आणि लॅपटॉपपासून कानापर्यंतच्या हातभर अंतरात चिरडला जातो, ही वस्तुस्थिती एकदा लक्षात आली की उपाय सोपा होतो. तो पुढील उत्तरात आहे.

५. मग कॉल चालू असतानाही आवाज चांगला राहावा यासाठी काय करता येईल?

फुकटातला आणि तात्काळ उपाय असा : ऐकण्यासाठी हेडसेट ठेवा, पण अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा. हेडसेटचा माइक उघडलाच नाही, की ए२डीपीची रुंद वाट कायम राहते आणि ऐकू येणारा आवाज उतरत नाही. शांत खोलीत, लॅपटॉपसमोर हातभर अंतरावर बसलेले असाल तर पलीकडेही तुमचा आवाज बहुधा पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट पोचतो. खोलीत गोंगाट असेल, आवाज घुमत असेल किंवा तुम्ही बोलता बोलता टायपिंग करत असाल, तर मात्र हा उपाय उलटतो; कळफलकाचा खडखडाट लॅपटॉपच्या माइकला तुमच्या आवाजापेक्षा जवळचा असतो.

दुसरा उपाय म्हणजे डोंगल असलेला हेडसेट. अशा हेडसेटची रेडिओ जोडणी कंपनीने स्वतः आखलेली असल्याने माइक आणि ध्वनी एकत्र चालवण्यासाठी तिला एचएफपीवर अवलंबून राहावे लागत नाही. अपवाद आतून ब्लूटूथ वापरणाऱ्या डोंगलांचा. तिथे वाट तीच असते, फक्त कोडेकचा घोळ लॅपटॉपवर न सोडता कंपनीने आधीच जुळवून दिलेला असतो. दिवसाचे तीन-चार तास कॉलवर जात असतील, तर ब्लूटूथच्या महागड्या हेडसेटपेक्षा डोंगलच्या मध्यम हेडसेटवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्ग एलई ऑडिओचा, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज नेण्याच्या नव्या पद्धतीचा. यात एलसी३ हा नवा कोडेक आहे आणि बोलणे-ऐकणे एकाच वेळी अधिक चांगल्या दर्जाने होते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून त्याला आधार मिळू लागला. परंतु लॅपटॉपचे ब्लूटूथ हार्डवेअर, त्याचे ड्रायव्हर आणि हेडसेट या तिघांनीही तो पाळला तरच त्याचा लाभ होतो. खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ लिहिले आहे म्हणजे एलई ऑडिओ आहेच, असे मानू नये.

६. विंडोजमध्ये एकाच हेडसेटची दोन नावे दिसतात. कोणते निवडावे?

‘स्टिरिओ’ असे लिहिलेली नोंद म्हणजे गाण्यांची वाट आणि ‘हँड्स-फ्री’ असे लिहिलेली नोंद म्हणजे बोलण्याची वाट. विंडोज १० मध्ये या दोन्ही ठळकपणे वेगळ्या दिसतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्या बहुधा एकाच नावाखाली येतात आणि अदलाबदल आपोआप होते. हेडसेटचाच माइक वापरायचा असेल तर ध्वनी आणि माइक दोन्हींसाठी हँड्स-फ्री निवडावे. एकीकडे स्टिरिओ आणि दुसरीकडे हँड्स-फ्री निवडल्यास अनेकदा कानात पूर्ण शांतता पसरते, कारण माइक उघडताच स्टिरिओची नोंद निष्प्राण होते.

७. माझा आवाज पलीकडे कसा जातो हे मला कसे कळणार?

रेकॉर्ड करून ऐकणे, याला पर्याय नाही. बहुतेक कॉल अ‍ॅपमध्ये चाचणीची सोय असते. नसेल तर सिस्टिममधले साधे रेकॉर्डर पुरते. हेडसेटच्या माइकने अर्धा मिनिट बोला, मग तेच वाक्य लॅपटॉपच्या माइकने बोला आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐका.

काय बोलावे हेही महत्त्वाचे आहे. मी चाचणीसाठी ‘आठ, साठ, सात, पाच, पास’ हे शब्द वापरतो. ‘स’ची ओळख पटवणारा ध्वनी मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे जुन्या कोडेकच्या मर्यादेबाहेर. माझ्या पहिल्या ब्लूटूथ हेडसेटवरचे ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा ‘साठ’मधला ‘स’ इतका पुसट झाला होता, की मी स्वतः बोललेला आकडा मलाच ‘आठ’ ऐकू आला. त्याआधी कित्येक महिने मी त्याच हेडसेटवरून लोकांना आकडे सांगत होतो आणि ते ‘पुन्हा एकदा सांगता का’ म्हणत तेव्हा त्यांचे लक्ष नसावे असे मला वाटत होते. दोष त्यांच्या लक्षाचा नव्हता, ही जाणीव मला अजून बोचते. आकडे, आडनावे, औषधांची नावे सांगण्याचे ज्यांचे काम आहे, त्यांनी ही चाचणी आजच करावी.

८. इअरबड बरे की तोंडाजवळ माइकची दांडी असलेला हेडसेट?

कॉलसाठी दांडीचा. माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते आणि खोलीतला गोंगाट आहे तिथेच राहतो. इअरबडचा माइक कानापाशी, म्हणजे तोंडापासून वीतभर दूर असतो. ही तूट भरून काढण्यासाठी त्याला एकापेक्षा अधिक माइक आणि बरीच गणिती प्रक्रिया लागते, जिच्यामुळे आवाज कधी कधी पाण्याखालून आल्यासारखा होतो.

दांडी मात्र अगदी ओठांसमोर आणू नये. ‘फ’, ‘भ’, ‘ख’ म्हणताना तोंडातून हवेचा जो झोत बाहेर पडतो, तो माइकवर थेट आदळला तर पलीकडे धप्प असा आवाज जातो. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे अंतरावर, किंचित बाजूला आणि हनुवटीकडे झुकलेली, ही जागा बहुतेकांना मानवते. ‘भाऊ फाटकापाशी उभा आहे’ हे वाक्य रेकॉर्ड करून पाहिले की जागा बरोबर आहे की नाही ते लगेच समजते.

९. नॉइज कॅन्सलेशन असलेला हेडसेट घेतला, तरी समोरच्यांना पंख्याची घरघर ऐकू येते. फसवणूक झाली का?

बहुधा नाही, एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्याचा हा परिणाम आहे. अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन तुमच्या कानांसाठी असते. ते बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तुम्हाला शांतता देते, पण माइकमध्ये काय शिरते याच्याशी त्याचा संबंध नसतो. पलीकडे जाणारा गोंगाट कमी करण्याचे काम माइकची रचना, हेडसेटमधील प्रक्रिया किंवा कॉल अ‍ॅपमधील गोंगाट-नियंत्रण यांपैकी कोणीतरी करते. खरेदी करताना वेष्टणावर कोणत्या गोष्टीचा उल्लेख आहे हे नीट वाचावे.

कान पूर्ण बंद झाले की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हेही ध्यानात असावे. स्वतःचा आवाज थोडासा कानात परत देणारी साइडटोन नावाची सोय हेडसेटच्या सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करावी. घशाला आणि शेजाऱ्यांना, दोघांनाही त्याने आराम मिळतो.

१०. समोरचे म्हणतात की त्यांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो. मला तर काहीच जाणवत नाही.

ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो, दोष त्याच्याकडे नसतो. तो ज्याच्या माइकमधून परत जातो, त्याच्याकडे असतो. म्हणजे ही तक्रार आली तर आपली बाजू तपासावी. हेडसेट वापरूनही असे होत असेल तर तीन शक्यता आहेत : आवाज प्रत्यक्षात लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत आहे (प्रश्न ३ पाहा), हेडसेटचा आवाज इतका मोठा आहे की तो कानाच्या गादीतून झिरपून माइकमध्ये शिरतो, किंवा त्याच खोलीत दुसरे कोणी त्याच कॉलवर आहे. कोण कारणीभूत आहे हे सापडत नसेल तर एकेकाने म्यूट करून पाहावे. ज्याच्या म्यूट होण्याने प्रतिध्वनी थांबतो, त्याच्याकडेच दुरुस्ती करायची असते.

११. बोलताना आवाज मध्येच तुटतो. हेडसेटचा दोष आहे की इंटरनेटचा?

कॉल बंद करून हेडसेटच्या माइकने लॅपटॉपवरच दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा. त्यातही आवाज तुटलेला असेल तर इंटरनेट निर्दोष आहे. ध्वनिमुद्रण स्वच्छ असेल तर हेडसेट काढून लॅपटॉपच्या माइकने आणि स्पीकरने कॉल करून पाहा. तेव्हाही तुटत असेल तर अडचण नेटवर्कची आहे.

गाणे अखंड वाजते म्हणून हेडसेटची रेडिओ जोडणी चांगली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. गाणे वाजवताना काही मिलिसेकंदांचा आवाज आधीच साठवून ठेवलेला असतो, त्यामुळे हवेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवायला वेळ मिळतो. संभाषणात असा साठा करता येत नाही, कारण साठा केला की उत्तर उशिरा पोचते. म्हणून जो अडथळा गाणे पचवते, तोच बोलण्यात खड्डा पाडतो.

१२. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकमेकांच्या आड येतात का?

येतात. ब्लूटूथ २.४०० ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय, वायरलेस माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन हे सर्व त्याच गल्लीत नांदतात. नेहमीचे ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळायलाही शिकते. पण सगळाच पट्टा भरलेला असेल तर टाळून जाणार कुठे? लॅपटॉपचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेणे हा येथील सर्वात परिणामकारक उपाय आहे. नेटवर्कची केबल लावली तर त्याहून उत्तम.

शरीराचाही अडथळा होतो. शरीरातले पाणी या लहरी शोषते, त्यामुळे लॅपटॉप डाव्या बाजूला आणि अँटेना हेडसेटच्या उजव्या कपात असेल, तर मधे अख्खे डोके येते. आवाज तुटताना मान वळवल्यावर फरक पडतो का, एवढे पाहिले तरी कारण सापडू शकते.

१३. डोंगल लावूनही खरखर येते. पोर्ट बदलल्यावर थांबली. हे कसे?

यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून वेगाने माहिती जात असताना जो रेडिओ गोंगाट निर्माण होतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच याविषयी सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. डोंगलच्या शेजारीच बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर हा त्रास हमखास होतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावे, किंवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन ते लॅपटॉपपासून दूर, हेडसेट समोर दिसेल असे टेबलावर ठेवावे.

१४. कॉलवर बोलता बोलता किती दूर जाता येईल?

नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरतात. एक भिंत मधे आली की तो झपाट्याने घटतो. डेक्ट हेडसेट मोकळ्या जागेत १०० मीटरच्या आसपास जाऊ शकतो. उठून पाणी आणायला जाण्यापुरती गरज असेल तर ब्लूटूथ पुरेसे आहे. घरभर फिरत बोलण्याची सवय असेल तर नाही.

१५. मी म्यूट काढले होते, तरी कोणाला ऐकू गेले नाही. असे वारंवार होते.

म्यूटची बटणे दोन असतात : एक हेडसेटवर, एक अ‍ॅपमध्ये. काही हेडसेट आणि अ‍ॅप एकमेकांना कळवतात, विशेषतः यूएसबी डोंगलचे. बाकीचे कळवत नाहीत. हेडसेटवरून म्यूट केले तर अ‍ॅपला माइक चालूच दिसतो, फक्त त्यातून शांतता येत राहते. दोन्ही बंद आणि एकच उघडले, की तुमच्यासारखी परिस्थिती होते. याच्या उलट प्रसंग अधिक लाजिरवाणा असतो. म्यूट नेहमी एकाच ठिकाणाहून करण्याची सवय लावावी, आणि शक्यतो अ‍ॅपमधून, कारण तिथली खूण बाकीच्यांनाही दिसते.

१६. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवता येतात का?

मल्टिपॉइंट, म्हणजे एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडले जाण्याची सोय, असलेल्या हेडसेटला येतात. मात्र महत्त्वाच्या कॉलच्या वेळी मोबाइल तोडून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोबाइलवर एखादी सूचना वाजली किंवा फोन आला, की काही हेडसेट लॅपटॉपचा आवाज सोडून तिकडे वळतात आणि परत यायला दोन-चार सेकंद घेतात. मुलाखतीत तेवढ्यात प्रश्न विचारून झालेला असतो.

१७. ब्राउझरमधून कॉल करताना ‘माइक सापडला नाही’ असे दिसते. हेडसेट तर जोडलेला आहे.

परवानगीची दोन दारे आहेत. एक ब्राउझरचे, जिथे त्या संकेतस्थळाला माइक वापरू द्यायचा की नाही ते ठरते. पत्त्याच्या पट्टीतील खुणेवर क्लिक करून ते पाहता येते. दुसरे ऑपरेटिंग सिस्टिमचे, जिथे ब्राउझरलाच माइकची परवानगी असावी लागते. विंडोज आणि मॅकओएस या दोन्हींत ते प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये असते. दोन्ही उघडी असूनही अडत असेल, तर हेडसेट जोडल्यानंतर पान एकदा नव्याने लोड करावे.

१८. कॉल सुरू झाला की दुसऱ्या अ‍ॅपमधला व्हिडिओ एकदम मंद ऐकू येतो. का?

विंडोज संभाषण सुरू झाल्याचे ओळखून इतर आवाज आपोआप ८० टक्क्यांनी कमी करते. जुन्या साउंड पॅनेलमधील ‘कम्युनिकेशन्स’ या टॅबमध्ये ‘काहीही करू नये’ या अर्थाचा पर्याय निवडला की हे थांबते. शिक्षकांना वर्गात व्हिडिओ दाखवताना ही सेटिंग विशेष नडते. आवाज मंद होण्याबरोबर त्याचा दर्जाही उतरत असेल तर कारण प्रश्न ४ मधले आहे.

१९. बैठकीच्या मध्येच बॅटरी संपली तर?

अनेक हेडसेट चार्जिंग चालू असतानाही वापरता येतात. काही मात्र केबल लावताच बंद होतात. आपला कोणत्या जातीचा आहे हे गरज पडण्याआधी पाहून ठेवावे. ३.५ मिलिमीटरची केबल लावून चालणाऱ्या हेडसेटमध्ये ऐकू येते, पण माइक बहुधा चालत नाही, कारण त्या केबलमध्ये माइकची तारच नसते. मग अ‍ॅपने लॅपटॉपचा माइक धरला आहे ना, याची खात्री करावी लागते. टेबलाच्या खणात वायरचा एक साधा हेडसेट कायम असू द्यावा. त्याला बॅटरीही लागत नाही आणि पेअरिंगही.

२०. कार्यालयातल्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने जातो. तिथल्या कॉलमध्ये हेडसेटचा माइक दिसत नाही.

माइक तुमच्या लॅपटॉपला जोडलेला आहे आणि कॉल दुसऱ्या यंत्रावर चालला आहे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये जोडणी करण्यापूर्वी ‘लोकल रिसोर्सेस’मधील ऑडिओच्या सेटिंगमध्ये या संगणकावरून रेकॉर्डिंग करण्याचा पर्याय निवडावा लागतो, तो मुळात बंद असतो. अर्थात, आवाज असा दोनदा प्रवास करतो तेव्हा विलंब वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. शक्य असेल तर कॉल स्वतःच्या लॅपटॉपवरून घ्यावा आणि रिमोट यंत्रावर केवळ काम करावे.

२१. लिनक्सवर हेडसेटचा माइक आपोआप सुरू होत नाही. काय करावे?

साउंडच्या सेटिंगमध्ये हेडसेटचे प्रोफाइल पाहावे. ते ए२डीपीवर असेल तर माइक दिसणारच नाही. हेडसेट किंवा एचएफपी प्रोफाइल निवडावे लागेल, आणि यादीत एमएसबीसी असेल तर तेच घ्यावे. पाइपवायर ही आवाज हाताळणारी नवी प्रणाली असलेल्या लिनक्सच्या नव्या वितरणांमध्ये ही अदलाबदल पुष्कळदा आपोआप होते.

२२. ब्लूटूथ हेडसेटवरचे बोलणे कोणी चोरून ऐकू शकते का?

ब्लूटूथची जोडणी कूटबद्ध असते. तरीही २०१९ मध्ये संशोधकांनी नॉब या नावाने ओळखली जाणारी एक त्रुटी उघड केली, जिच्यामुळे जवळ असलेला हल्लेखोर दोन यंत्रांना अतिशय कमकुवत किल्ली स्वीकारायला लावू शकत होता. त्यानंतर किल्लीची किमान लांबी वाढवण्यात आली आणि दुरुस्त्या देण्यात आल्या. त्यामुळे लॅपटॉप आणि हेडसेट दोघांचेही अपडेट घ्यावेत. हेडसेटचे अपडेट बहुधा मोबाइल अ‍ॅपमधून येते आणि ते घ्यायचे राहून जाते. हेडसेट दुसऱ्याला देताना त्यातील पेअरिंग पुसून द्यावे.

२३. आमच्या कॉलवरच्या एका सहकाऱ्यांना ऐकायला कमी येते. माझ्या बाजूने काय करता येईल?

पुष्कळ करता येईल. वयोमानाने कमी होणारे ऐकणे बहुधा वरच्या पट्टीतले ध्वनी आधी घालवते, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने; आणि ब्लूटूथची अरुंद वाट नेमके तेच ध्वनी आधीच कापून पाठवते. त्यांच्यापर्यंत जे पोचायला हवे ते तुमच्या हेडसेटमध्येच गळून पडत असेल, तर त्यांच्या श्रवणयंत्राला ते कोठून सापडणार? त्यांच्याशी बोलताना हेडसेटचा ब्लूटूथ माइक वापरू नका. शांत खोलीत लॅपटॉपचा माइक किंवा वायरचा हेडसेट घ्या. अ‍ॅपमधील गोंगाट-नियंत्रण तीव्र असेल तर ते कमी करा, कारण ते शब्दांची टोके खाते. कॅमेरा चालू ठेवा आणि चेहऱ्यावर उजेड असू द्या, म्हणजे ओठ दिसतील. माइकची दांडी ओठांवर येऊ देऊ नका. एका वेळी एकानेच बोलावे, एवढे सर्वांना सांगून ठेवा, आणि आवाज बरोबर पोचतो का हे बैठक सुरू होण्यापूर्वी त्यांनाच विचारा, तेही बाकीचे लोक कॉलवर येण्याच्या आधी.